वर्गातली चंद्रपूर गाडी

पोंभुर्ण्याच्या पुढे, जंगलाला लागून असलेल्या एका गावातल्या शाळेत शेवटची खोली माझी आहे. मी विशेष मुलांना शिकवते. बल्लारपूरहून स्कूटीने येते, दिवसभर पाच-सहा मुलांबरोबर असते आणि संध्याकाळी परत जाते. आमच्या खोलीत पास-नापास ही भानगड नसते. वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येक मुलाचं एक काम ठरतं, आणि वर्ष संपेपर्यंत ते त्याला कुणाच्या मदतीशिवाय आलं पाहिजे. कुणाचं काम शर्टाची बटणं लावणं, तर कुणाचं डबा उघडून, जेवून, धुऊन पुन्हा पिशवीत ठेवणं.

त्या वर्षी वर्गातल्या सगळ्यांत मोठ्या मुलीचं काम ठरवायचं होतं. सोळा वर्षांची होती. वाचता येत नव्हतं. बोलणं तुटक, पण ठाम. एखादी गोष्ट अशी करायची असते हे एकदा तिला पटलं, की मग ती गोष्ट तशीच करायची, तिनेही आणि आपणही. मी तिच्या आईला बोलावून विचारलं, "हिला काय यायला पाहिजे असं वाटतं तुम्हाला?"

आई धानाच्या रोवणीवरून तशीच आली होती, पायांवर चिखल वाळलेला. म्हणाली, "चंद्रपूरले मावशी आहे तिची. तिच्याकडं जाता आलं पाहिजे."

"एकटीला?"

"तुमी बी ना मॅडम!" असं म्हणून ती हसली आणि निघून गेली.

मी मात्र तेच काम ठरवलं. एकटीने बसने चंद्रपूरला जाणे. ठरवून झाल्यावर लक्षात आलं, की हे शिकवायला आधी एक बस लागेल.

गावातून गाडी दिवसातून मोजक्या वेळा जायची आणि माझ्या धड्यासाठी ती काही थांबून राहिली नसती. म्हणून आम्ही खोलीतच बस केली. बाकांच्या दोन रांगा, मधे जायला वाट. धरायला वर एक आडवा बांबू. स्टिअरिंग म्हणून जेवणाची स्टीलची थाळी. वरून मागून पुढपर्यंत सुतळी ओढली आणि तिच्या टोकाला बैलाच्या गळ्यातली घंटी बांधली. एकदा वाजली की थांबा, दोनदा वाजली की चला. तिकिटं मी जुन्या कॅलेंडरची पानं कापून केली. मुलांना अक्षरं येत नव्हती, म्हणून त्यांवर चित्रं काढली. पोंभुर्ण्याला झाड, बल्लारपूरला धूर सोडणारी चिमणी, चंद्रपूरला किल्ल्याचा दरवाजा. थांबे जमिनीवर खडूने काढले. आणि भिंतीवर चित्रांची एक पट्टी लावली: हात करा, उतरणाऱ्यांना उतरू द्या, चढा, तिकीट घ्या, बसा, आपला थांबा आला की उतरा.

पहिले काही दिवस मी कंडक्टर होते. मग एका सकाळी ती मुलगी आली, माझ्या खांद्यावरची तिकिटांची पिशवी काढून तिने आपल्या खांद्यावर अडकवली आणि दोनदा घंटी मारली. त्यानंतर मी कधीच कंडक्टर झाले नाही.

ड्रायव्हर पहिल्यापासून एकच. तेरा वर्षांचा मुलगा, दिवसभरात चार शब्द बोलला तर खूप. पण दवाखान्यासाठी त्याला लहानपणापासून चंद्रपूरला नेत आले होते आणि तो रस्ता त्याच्या अंगात बसला होता. थाळी धरून तो उजवीकडे कलला की आम्ही सगळे उजवीकडे कलायचो. गतिरोधक आला की उसळायचो. अडचण एवढीच होती, की तो रस्ता खऱ्या लांबीचा चालवायचा. प्रार्थना संपल्यावर निघालेली बस मधल्या सुट्टीच्या सुमारास चंद्रपूरला पोचायची. त्यामुळे गणित, रंग ओळखणं, बटणं, सगळं मला प्रवासातच उरकावं लागायचं.

आमच्या कामात एक गोष्ट फार जपावी लागते. मूल अडलं की लगेच धावायचं नाही. आधी हात धरून शिकवायचं, मग नुसतं बोटाने दाखवायचं, मग नुसतं बघायचं, आणि शेवटी बघणंही बंद करायचं. मी मागच्या बाकावर हाताची घडी घालून बसू लागले. एकदा ड्रायव्हरचं नाक वाहत होतं म्हणून पुढे जाऊन त्याच्या हातात रुमाल दिला आणि "पूस रे," म्हणाले. लगेच घंटी वाजली. बस थांबली.

"ड्रायव्हरसंग बोलाचं नाई," कंडक्टर म्हणाली. "उतरा."

"अगं, त्याचं नाक..."

"उतरा जी."

मी उतरले. बस गेली. म्हणजे बाक होते तिथेच होते, पण मुलांच्या दृष्टीने ती गेली होती आणि मी रस्त्यात उभी होते. आता मधेच जाऊन बसले तर महिनाभराचं शिकवणं पाण्यात गेलं असतं. मी दाराजवळ खडूच्या गोलात उभी राहिले. मुख्याध्यापक व्हरांड्यातून चालले होते. त्यांनी आत डोकावून विचारलं, "इथी काऊन उभ्या, मॅडम?"

"गाडीची वाट बघतेय," मी म्हटलं.

"हं," म्हणाले आणि पुढे गेले. त्यांची तीन वर्षांनी निवृत्ती होती आणि ते कशातच फार खोलात जात नसत.

खऱ्या गाडीचा थांबा शाळेच्या समोरच होता, कडुनिंबाखाली. उन्हाचे दिवस सुरू झाले तशी तिथे थांबलेली माणसं आमच्याकडे पाणी प्यायला यायची. त्यांत एक म्हातारे होते, डोक्याला पांढरं पागोटं, हातात काठी. एक दिवस पाणी पिऊन ते दारात टेकले, आत बघितलं, आणि बाक रिकामा दिसला म्हणून येऊन बसले.

कंडक्टर लगेच समोर. "कुठी जाऊन राह्यले, आबाजी?"

"चंद्रपूरले," म्हातारे म्हणाले. ते खरंच चंद्रपूरलाच निघाले होते. मग त्यांनी बंडीच्या खिशातून आधार कार्ड काढलं. "मले फुकट आहे."

तिने कार्ड घेतलं, उलटं धरून नीट पाहिलं, परत दिलं आणि दरवाजाचं तिकीट फाडून त्यांच्या हातात ठेवलं. म्हातारे मुकाट बसून राहिले. वळणाला कलले, गतिरोधकाला उसळले. बाहेर खरी गाडी आली, थांबली, हॉर्न वाजवून गेली. मी न राहवून म्हटलं, "बाबा, तुमची गाडी गेली ना!"

त्यांनी मला तिकीट दाखवलं. "मी तं बसून आहो."

त्या दिवशी फळ्याजवळच्या गोलात ते चंद्रपूरला उतरले. चंद्रपुरात काय काम होतं कोण जाणे, पण समाधानाने घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. चार-आठ दिवसांत त्यांच्यासोबत आणखी दोघं-तिघं येऊ लागले. एक बाई कोंबडी घेऊन आल्या तर कंडक्टरने कोंबडीचं वेगळं तिकीट फाडलं. बाई म्हणाल्या, "उतरून गेली तं पैसे वापस भेटतीन काय?" मुळात पैसे कुणी दिलेच नव्हते.

मला हे सगळं बंद करायला हवं होतं का? मी विचार केला. पण मुलगी अनोळखी माणसांशी बोलायला शिकत होती. पूर्वी नवा माणूस दिसला की ती माझ्या पाठीमागे जाऊन उभी राहायची. आता ती त्यांना "सरका जी, तिकडं सरका" म्हणत होती. मी बस चालू दिली.

मग जंगलातल्या टोल्यावरची माणसं आली. टोला म्हणजे गावापासून दूर, झाडीत असलेली वीसेक घरं. सगळी गोंडी बोलणारी. मोहफुलं वेचून विकायला यायची तेव्हा त्यांना पायीच यावं लागायचं, कारण टोल्यापर्यंत रस्ता नव्हता. त्यांतला एक जाणता माणूस व्हरांड्यात येऊन उभा राहिला. चपला काढून ठेवल्या होत्या.

"मॅडम, एक अर्जी होती," तो म्हणाला. "तुमची गाडी आमच्या टोल्यावर नाई थांबत."

मी समजावलं. भाऊ, ही खरी गाडी नाही. मुलांना शिकवायला केलेलं साधन आहे. बाक आहेत नुसते.

त्याने शांतपणे ऐकून घेतलं. "ते समजलं. पण मंग थांबवाले काय हरकत आहे? मोठ्या गाडीले रस्ता लागते. हिले तं नाई लागत."

दुसऱ्या दिवशी आम्ही टोल्याचा थांबा खडूने काढला. तिकिटावर मोहाचं झाड. ड्रायव्हरला तो रस्ता माहीत नव्हता, म्हणून त्या माणसाने त्याच्या शेजारी बसून दाखवला. इथे नाला, इथे दगड, इथे अस्वलाची वाट, जरा थांबूनच जायचं. ड्रायव्हरने एकदा ऐकलं आणि तेव्हापासून अस्वलाच्या वाटेला तो थाळी धरून जरा वेळ थांबायचा. आम्ही सगळे श्वास रोखून बसायचो. टोल्यावरच्या बाया आठवड्यातून एकदा येऊन आपला थांबा बघून जायच्या. एकीने त्याच्याभोवती सडा टाकून ठेवला.

एप्रिलमध्ये चंद्रपूरहून साहेब तपासणीला आले. मुलं स्वतःहून किती शिकतात हे त्यांना बघायचं होतं. ते आत शिरले तेव्हा बस पोंभुर्ण्यात थांबली होती.

"थांबा," कंडक्टर म्हणाली. "उतरू द्या आधी."

उतरणारे म्हणजे म्हातारे. त्या दिवशी त्यांना पोंभुर्ण्यातच काम होतं. ते काठी टेकत निवांत उतरले. साहेब दारात उभे राहिले, मग येऊन बसले.

"कुठी?"

"मला कुठे जायचं नाही बाळा. माझी तपासणी आहे."

तिने तिकिटं चाळली. तपासणीचं चित्र त्यांत नव्हतं. "तो थांबा नाई."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं. मदत करायची नाही, हीच तर मला दाखवायची गोष्ट होती.

"बरं," साहेब म्हणाले, "बल्लारपूर दे."

चिमणीचं तिकीट मिळालं, दोन घंट्या झाल्या, बस निघाली. साहेब आपल्या कागदांत लिहू लागले. बऱ्याच वेळाने कंडक्टर ओरडली, "बल्लारपूर! बल्लारपूरवाले!" साहेबांचं लक्ष नव्हतं. दोन घंट्या झाल्या. मग त्यांनी मान वर केली, कागद गोळा केले आणि उठले.

"बसा," कंडक्टर म्हणाली. "बल्लारपूर गेलं. आता चंद्रपूर."

"अगं, पण मी चंद्रपूरहूनच आलो आहे!"

"मंग बरं आहे की," ती म्हणाली.

एवढ्यात ड्रायव्हरने थाळी सोडली आणि हात मांडीवर ठेवले. "फाटक," तो म्हणाला. हा त्याचा त्या दिवसातला पहिला शब्द.

रेल्वेचं फाटक पडलं होतं. आम्ही सगळे थांबलो. साहेबांनी घड्याळ बघितलं. थोड्या वेळाने त्यांनी शेजारच्या कोंबडीवाल्या बाईंना हलक्या आवाजात विचारलं, "हे किती वेळ चालतं?"

"कोळशाची मालगाडी असन, साहेब," बाई म्हणाल्या. "लंबी राहते थे."

साहेबांनी मान हलवली. पुढे झुकून मालगाडी संपली का हे त्यांनी एकदा बघितलं, ते मी या डोळ्यांनी पाहिलं. मग थाळी फिरली आणि सगळ्यांबरोबर साहेबही निःश्वास टाकून मागे टेकले. चंद्रपूरला उतरून ते खरोखर चंद्रपूरला निघाले तेव्हा मी त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेले. ते म्हणाले, "उपक्रम चांगला आहे. पण फाटकाचं काही करता आलं तर बघा."

शाळेला सुट्ट्या लागण्याआधी मुलीला खऱ्या बसने पाठवायचं ठरलं. मावशी चंद्रपूरच्या स्टँडवर येणार होती. मुलगी एकटी जाणार, मी मागे कुठेतरी अनोळखी माणसासारखी बसणार, आणि तिने काहीही केलं तरी मधे पडणार नाही. आईला मी थांब्यावर येऊ नका म्हणून बजावलं होतं. ती आली नाही. कडुनिंबाच्या मागे उभी राहिली, पण पदर वाऱ्याने पुढे येत होता.

गाडी आली. मुलीने हात केला. दार उघडलं आणि ती बाजूला उभी राहिली. उतरणारा कुणीच नव्हता.

"चल ना व, चढ," आतला कंडक्टर म्हणाला.

ती आत वाकून बघत राहिली. शेवटी एका भल्या माणसाने ओळखलं की काय हवं आहे. तो खाली उतरला आणि तिच्या मागून पुन्हा चढला. मी सगळ्यांत शेवटी चढून मागच्या सीटवर बसले.

कंडक्टर तिच्याकडे आला, आणि तिने त्याला खालून वर बघितलं. तिचीच पिशवी, तिचंच काम, आणि करणारा भलताच माणूस. पण ती शहाण्यासारखी म्हणाली, "चंद्रपूर एक." आणि सवलतीचं कार्ड दाखवलं.

"कोणासंग आहेस?"

"एकटी."

"एकटी कशी? कोणाची आहे जी ही पोरगी?" त्याने सगळ्या गाडीला विचारलं. माणसं एकमेकांकडे बघू लागली. मी खिडकीबाहेर बघत होते. एक बाई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "त्यायची असन. त्याच एक पाहून नाई राह्यल्या."

"तुमची आहे का, मॅडम?"

"नाही," मी म्हटलं. "मी ओळखत नाही."

मुलगी मागे वळली. "मॅडम आहे त्या," तिने सांगितलं. "वर्गातल्या. त्या त्यायच्या जाऊन राह्यल्या, मी माह्यी."

कंडक्टरने मशीनमधून तिकीट काढून तिला दिलं. तिने ते दोन्ही बाजूंनी बघितलं आणि परत केलं.

"दरवाजा कुठी आहे?"

"दरवाजा? तो पाह्य ना, समोर."

"तिकिटावर. चंद्रपूरचा दरवाजा."

तिकिटाशिवाय बसायचं नाही हे तिला येत होतं, आणि दरवाजा नसलेलं ते तिकीट नव्हतं. ती बांबू धरल्यासारखी दांडा धरून उभी राहिली. गाडी सुरू होऊन पोंभुर्णा मागे पडलं तरी ती उभीच. कंडक्टर चिडला, मग विनवू लागला, मग बाकीचे प्रवासी बोलू लागले. कुणी म्हणालं, चित्रच तर पाहिजे, काढून द्या ना भाऊ. मी हात मांडीखाली दाबून बसले होते. उठून काढून द्यावं असं इतकं वाटत होतं!

शेवटी कंडक्टरने मशीन काखेत धरलं, कानामागचा पेन काढला आणि सीटच्या पाठीवर तिकीट उलटं ठेवून दरवाजा काढायला घेतला. गाडी हलत होती. शेजारचा माणूस वाकून बघत म्हणाला, "वर गोल कमान द्या. अन् बाजूले बुरूज असते." दुसरा म्हणाला, त्या दरवाजातून ऑटो जातात, एक ऑटो दाखवला तर बरं होईल. ऑटो काही काढला नाही, पण बुरूज झाले. तिने तिकीट घेतलं, बघितलं, आणि बसली. त्यानंतर पोंभुर्ण्याच्या पुढे चढलेल्या एका लहान पोराने आपल्यालाही चित्र पाहिजे म्हणून भोकाड पसरलं, आणि त्यात बल्लारपूर आलं.

चंद्रपूरला ती बरोबर उतरली. मी चार माणसं मधे ठेवून मागोमाग उतरले, आणि तिथे तपासनीस उभे होते. "तिकीट?"

मी पर्स उघडली. माझ्याकडे तिकीट नव्हतं. कंडक्टर चित्रात गुंतला, मी ओळख लपवण्यात गुंतले, आणि माझं तिकीट काढायचं दोघांनाही राहून गेलं. मी सांगू लागले, की मी शिक्षिका आहे, एका मुलीला मदत न करण्यासाठी मी या गाडीत बसले होते. तपासनीस माझ्याकडे सहानुभूतीने बघू लागले.

मुलगी थांबून हे ऐकत होती. मला वाटलं, आता ही माझ्या बाजूने काही बोलेल.

"त्यायनं नाई घेतलं तिकीट," ती तपासनिसांना म्हणाली. "मी पाह्यलं."

आणि समोर मावशी दिसली तशी ती तिच्याकडे चालत गेली. मागे वळून बघितलं नाही. मी दंड भरत होते, म्हणून मला तिचा चेहरा दिसला नाही. पाठ दिसली, खांद्यावर पिशवी, आणि हातात धरलेलं तिकीट. मी पावती घेतली, बाकड्यावर बसले आणि मला रडू आलं. तपासनिसांना वाटलं दंडामुळे. त्यांनी चहा पाजला.

आता ती आठवड्यातून दोनदा चंद्रपूरला जाते. मावशीच्या ओळखीने तिला पत्रावळ्या लावण्याच्या कामावर घेतलं आहे. त्या मार्गावरचे कंडक्टर तिला ओळखतात, आणि एकाने तर खिशात दरवाज्याचा रबरी शिक्काच करून ठेवला आहे, असं ती सांगते.

गेल्या महिन्यात तिची आई शाळेत आली. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली, मग म्हणाली, "मॅडम, काल थे मले घेऊन गेली चंद्रपूरले. रस्ताभर मले सांगत होती. इथी नोको उभी राहू, हे धर, ते नोको करू. मी आजवर कधी एकटी नाई गेली कुठी. तिचा बाप राहे, नाईतं भाऊ." पदर सारखा करून तिने विचारलं, "मले बी शिकवाल काय?"

मी म्हटलं, सोमवारी या.

सोमवारी ती आली. सोबत तिच्या दोन जावा होत्या, नवी लुगडी नेसून, आणि तिघींनाही खिडकीजवळचीच जागा पाहिजे होती.